चिकटवायचे छोटे डिजिटल घड्याळ: पाण्यापेक्षा उष्णतेकडे जास्त लक्ष का द्यावे?

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत.
१. क्वार्ट्झ घड्याळात सेकंद कसा मोजला जातो हे सांगणे.
२. तापमानामुळे घड्याळ किती मागे पडेल याचा हिशेब करणे.
३. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दामागची आयपी श्रेणी वाचणे आणि तिच्या मर्यादा ओळखणे.
४. असे घड्याळ कोठे लावावे, कोठे लावू नये आणि सेल कसा हाताळावा हे ठरवणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, मोटारीच्या डॅशबोर्डवर, दुचाकीच्या हँडलजवळ, बाथरूमच्या टाइल्सवर किंवा स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलेले काडेपेटीएवढे डिजिटल घड्याळ तुम्ही पाहिले असेल. मागे दुहेरी चिकटपट्टी, पुढे काळे आकडे, बाजूला एक-दोन बटणे आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’. किंमत कमी असते, म्हणून आपण फारसा विचार न करता ते घेतो. काही महिन्यांनी ते दोन मिनिटे मागे पडते, काच आतून धुरकट होते किंवा एखाद्या दुपारी ते सुटून खाली पडलेले सापडते. मग ‘स्वस्तातला माल’ असे म्हणून आपण विषय संपवतो.

या तिन्ही बिघाडांच्या मागे बहुतेक वेळा एकच कारण असते, आणि ते पाणी नव्हे. ते कारण म्हणजे उष्णता. या घड्याळाचे पाच भाग, म्हणजे क्रिस्टल, सेल, डिस्प्ले, गॅस्केट आणि टेप, हे सगळे तापमानाला बांधलेले आहेत. वेष्टनावर मात्र पाण्याचा आकडा मोठा छापलेला असतो आणि तापमानाची मर्यादा एक तर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. आपल्या देशात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो, तर लडाखमध्ये जानेवारीत तीच मोटार शून्याखाली गोठलेली असते. म्हणून आपण हे पाच भाग एकेक करून तापमानाच्या नजरेतून तपासणार आहोत. पुढे जिथे नुसते ‘अंश’ म्हटले आहे, तिथे अंश सेल्सिअस समजावे.

२. आत काय असते?

घड्याळाचे मागचे झाकण काढले तर एक लहानसा छापील सर्किट बोर्ड दिसतो. त्यावर काळ्या इपॉक्सीचा एक थेंब असतो. त्या थेंबाखाली मूळ सिलिकॉन चिप थेट बोर्डावर बसवलेली असते, तिला वेगळे कवच नसते. खर्च कमी ठेवण्याची ही नेहमीची पद्धत आहे. शेजारी साधारण २ मिलिमीटर व्यासाची आणि ६ मिलिमीटर लांबीची चकचकीत धातूची नळी असते. तिच्यात क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो. बोर्ड आणि काचेचा डिस्प्ले यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात विद्युतवाहक आणि अवाहक थर आलटून-पालटून असतात, म्हणून तिला झेब्रा कनेक्टर म्हणतात. आकड्याची एखादी रेघ दिसेनाशी झाली तर बहुधा चिप बिघडलेली नसते. या पट्टीखाली धूळ गेलेली असते किंवा तिचा दाब कमी झालेला असतो.

३. सेकंद कुठून येतो?

क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार तयार होतो, आणि विद्युतदाब दिला की तो किंचित वाकतो. या दाबविद्युत परिणामाचा शोध झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये लावला. या गुणधर्माचा उपयोग करून वॉरन मॅरिसन यांनी बेल प्रयोगशाळेत १९२७ मध्ये पहिले क्वार्ट्झ घड्याळ तयार केले. ते मोठ्या कपाटाएवढे होते. १९६९ च्या डिसेंबरमध्ये सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि तेव्हापासून हे तंत्र सर्वांच्या हाती आले.

आपल्या घड्याळातील क्रिस्टल स्वरकाट्याच्या आकाराचा, म्हणजे दोन भुजांचा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा १५ वा घात आहे. फ्लिप-फ्लॉप हे सर्किट आलेल्या वारंवारतेचे निम्मे करते. असे १५ फ्लिप-फ्लॉप एकामागे एक जोडले की ३२,७६८ चे १६,३८४, मग ८,१९२ असे करत शेवटी १ उरतो. हाच सेकंदाचा ठोका. पुढे ६० पर्यंत मोजणारा गणक सेकंदांसाठी, तसाच दुसरा मिनिटांसाठी आणि १२ किंवा २४ पर्यंत मोजणारा तासांसाठी.

इतकी कमी वारंवारता का निवडली? सीमॉस सर्किटमध्ये खर्च होणारी शक्ती ही धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढली की खर्चही वाढतो. ४१,९४,३०४ हर्ट्झचे, म्हणजे २ च्या २२ व्या घाताचे क्रिस्टलही घड्याळांत वापरले गेले आहेत. त्यांची तापमान-स्थिरता चांगली असते, पण वारंवारता १२८ पट असल्यामुळे बटण सेलवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्राला ती परवडत नाही. उलट वारंवारता आणखी खाली आणावी तर क्रिस्टलचा आकार वाढतो. ३२,७६८ ही या दोन अडचणींमधली तडजोड आहे. या तडजोडीची किंमत आपण तापमानाच्या रूपाने मोजतो.

४. तापमान आणि वेळेतील चूक

घड्याळाची चूक पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. नेहमीच्या क्रिस्टलची खोलीच्या तापमानाची सहनमर्यादा अधिक-उणे २० पीपीएम असते. म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि ३० दिवसांत सुमारे ५२ सेकंद, पुढे किंवा मागे. ही चूक त्या-त्या क्रिस्टलची जन्मजात असते.

त्यात तापमानाची भर पडते. स्वरकाट्याच्या आकाराच्या क्रिस्टलची वारंवारता साधारण २५ अंशांना सर्वांत जास्त असते. तापमान वर गेले तरी ती घटते आणि खाली गेले तरीही घटते. तिचा आलेख उलट्या वाटीसारखा, म्हणजे पॅराबोला असतो. सूत्र सोपे आहे:

घट (पीपीएम) = ०.०३५ × (तापमान − २५)²

इथे लक्षात घ्या की फरकाचा वर्ग होतो. म्हणून १० अंशांच्या फरकाला ३.५ पीपीएम, पण ४० अंशांच्या फरकाला ५६ पीपीएम. उन्हात तापलेले घड्याळ मागे पडते आणि थंडीत गोठलेलेही मागेच पडते. ‘उन्हाळ्यात मागे पडले, हिवाळ्यात भरून निघेल’ असे इथे होत नाही.

सोडवलेले उदाहरण १

नागपुरात मे महिन्यात एक मोटार रोज ६ तास उन्हात उभी असते. डॅशबोर्डवरील घड्याळाचे तापमान त्या वेळी ६५ अंश आणि उरलेले १८ तास ३५ अंश आहे असे धरू. ३० दिवसांत घड्याळ केवळ तापमानामुळे किती मागे पडेल?

६५ अंशांना घट = ०.०३५ × ४०² = ५६ पीपीएम. ६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. चूक = १.२१ सेकंद.
३५ अंशांना घट = ०.०३५ × १०² = ३.५ पीपीएम. १८ तास म्हणजे ६४,८०० सेकंद. चूक = ०.२३ सेकंद.
एका दिवसाची चूक = १.४४ सेकंद. ३० दिवसांची = सुमारे ४३ सेकंद.

दिवसाचे फक्त सहा तास उष्ण होते, पण चुकीचा पाच षष्ठांशाहून अधिक भाग त्या सहा तासांतच आला. आता लेहमध्ये जानेवारीत उघड्यावर राहणाऱ्या जीपमधील घड्याळाचे तापमान सतत −५ अंश आहे असे धरा. फरक ३० अंश, घट ३१.५ पीपीएम, म्हणजे दिवसाला २.७ सेकंद आणि महिन्याला सुमारे ८२ सेकंद.

यात एक सापळा आहे. तापमानाची सरासरी काढून ती सूत्रात घालायची नाही. घड्याळ १२ तास ५ अंशांना आणि १२ तास ४५ अंशांना राहिले तर सरासरी २५ अंश येते आणि सूत्र शून्य चूक दाखवते. प्रत्यक्षात दोन्ही वेळी फरक २० अंशांचा आहे, घट १४ पीपीएम आहे आणि महिन्याला ३६ सेकंद जातात. सरासरी काढायची ती वर्गांची.

मनगटी घड्याळातही असाच क्रिस्टल असतो, मग ते इतके का चुकत नाही? कारण ते अंगावर असते. त्वचेच्या उबेमुळे त्याचे तापमान दिवसाचा बराच वेळ ३० अंशांच्या आसपास टिकते आणि तेवढ्या फरकाला घट एक पीपीएमपेक्षाही कमी असते. वाहनातल्या घड्याळाला असा आधार नसतो. म्हणून महिन्यातून एकदा ते भारतीय प्रमाणवेळेशी जुळवून घ्यावे. ही वेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. मोबाइल नेटवर्कशी जुळलेल्या फोनची वेळ आपल्या कामासाठी पुरेशी अचूक असते.

५. सेल किती काळ टिकेल?

या घड्याळांत दोन प्रकारचे बटण सेल जास्त दिसतात. एक म्हणजे एलआर ४४ हा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल, दुसरा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल. सीआर २०३२ या नावातच मापे आहेत: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. त्याची धारणक्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते, एलआर ४४ ची सुमारे ११० ते १५०.

सोडवलेले उदाहरण २

घड्याळ २ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते आणि सेल ११० मिलिअँपिअर-तासांचा आहे. कागदावरचे आयुष्य = ११० ÷ ०.००२ = ५५,००० तास, म्हणजे सुमारे सव्वासहा वर्षे.

आता बटण दाबल्यावर ३ सेकंद लागणारा दिवा ५ मिलिअँपिअर घेतो असे धरू. एका वेळचा खर्च = ५ × ३ = १५ मिलिअँपिअर-सेकंद. तेवढ्यात घड्याळ १५ ÷ ०.००२ = ७,५०० सेकंद, म्हणजे दोन तासांहून अधिक चालले असते. रोज बारा वेळा दिवा लावला तर सेलचे आयुष्य निम्मे होते. दिवा असलेले घड्याळ घेताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

कागदावरची सहा वर्षे प्रत्यक्षात मिळत नाहीत, आणि त्याचे मोठे कारण पुन्हा उष्णताच आहे. दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा ठोकताळा तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. तापलेल्या सेलमध्ये आपोआप होणारा ऱ्हास वाढतो आणि कडांच्या सीलमधून ओलावा निघून जातो. शिवाय अल्कलाइन सेल संपल्यावर तसाच आत राहिला तर त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि बोर्डाचे तांबे खाऊन टाकते. आकडे फिके दिसू लागले किंवा तिरके पाहिल्यावरच स्पष्ट दिसू लागले, तर तो उतरलेल्या विद्युतदाबाचा इशारा आहे. सेल त्याच आठवड्यात बदलावा.

६. डिस्प्ले उन्हात काळा का पडतो?

डिस्प्लेमध्ये दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर असतो. दोन्ही बाजूंना एकमेकांशी काटकोन करणारे ध्रुवक असतात आणि सर्वांत मागे परावर्तक. विद्युतदाब नसताना द्रवस्फटिकाचे रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांच्या कोनाचा पीळ घेतात आणि प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशाही तेवढीच फिरवतात. त्यामुळे प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो, मागून परततो आणि भाग उजळ दिसतो. एखाद्या रेघेला विद्युतदाब दिला की तिथला पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि रेघ काळी दिसते. हा दाब नेहमी प्रत्यावर्ती असतो. एकाच दिशेचा दाब दिला तर आत विद्युत-अपघटन होऊन डिस्प्ले खराब होतो.

आता तापमान वाढवत न्या. एका ठरावीक तापमानाला द्रवस्फटिक आपली रांग मोडून साध्या द्रवासारखा होतो. पीळ राहत नाही, म्हणून कुठेच ध्रुवण फिरत नाही आणि संपूर्ण पडदा काळा पडतो. उन्हातून गाडीत शिरल्यावर घड्याळ पूर्ण काळे दिसते आणि गाडी थंड झाल्यावर आकडे परत येतात, त्याचे कारण हे आहे. घड्याळ त्या काळात बंद नसते. आत मोजणी चालूच असते. साध्या डिस्प्लेची कार्यमर्यादा ० ते ५० अंश असते, जास्त मर्यादेच्या डिस्प्लेची −२० ते ७० अंश. असे वरचेवर होत राहिले तर मात्र ध्रुवकाचा थर उष्णता आणि दमटपणा यांमुळे कायमचा डागाळतो. थंडीत उलट घडते. द्रवस्फटिक घट्ट होतो आणि आकडे सावकाश बदलताना दिसतात.

पोलराइज्ड गॉगल घालून पाहिल्यावर आकडे नाहीसे झाले तर डोके थोडे तिरपे करा. गॉगल हा तिसरा ध्रुवक ठरतो, एवढेच.

७. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमके काय?

आवरणाच्या संरक्षणाची श्रेणी आयईसी ६०५२९ या मानकात दिलेली आहे. भारतीय मानकांमध्ये ती आयएस/आयईसी ६०५२९ या क्रमांकाने आहे. आयपी या अक्षरांपुढचा पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी. पहिल्या अंकाची चाचणी सांगितलेली नसेल तर तिथे एक्स लिहितात. पाण्याचे महत्त्वाचे अंक असे:

४: सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे.
५: ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा.
६: १२.५ मिलिमीटर तोंडातून मिनिटाला १०० लिटरचा जोरदार फवारा.
७: १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटे बुडवणे.
८: निर्मात्याने जाहीर केलेल्या त्याहून कठीण अटींवर बुडवणे.

इथे एक गैरसमज टाळा. ७ अंक मिळाला म्हणजे ५ आणि ६ च्या चाचण्याही पार झाल्या असे नाही. बुडवण्याची आणि फवाऱ्याची चाचणी वेगळी आहे. दोन्ही झाल्या असतील तर तसे दोन्ही अंक लिहिलेले असतात. म्हणून आयपी ६७ असलेले घड्याळ दुचाकी धुण्याच्या प्रेशर वॉशरसमोर टिकेलच असे नाही. या चाचण्या साध्या पाण्याने, नव्या नमुन्यावर होतात. गरम वाफ, साबणाचे पाणी आणि दोन वर्षांचे म्हातारे रबर त्यांत धरलेले नसते. बाथरूममध्ये गिझरच्या वाफेत लावायच्या घड्याळाबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

आता उष्णता आणि पाणी यांची गाठ कुठे पडते ते पाहू.

सोडवलेले उदाहरण ३

दुचाकीच्या हँडलवरील घड्याळ दुपारभर उन्हात ६५ अंशांपर्यंत तापले. आतील हवा प्रसरण पावून सीलमधून हळूहळू थोडी बाहेर गेली आणि आतला दाब बाहेरच्याइतका, म्हणजे १०१ किलोपास्कल झाला. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला आणि घड्याळ २५ अंशांवर आले. आतील दाब किती झाला?

केल्व्हिनमध्ये तापमाने ३३८ आणि २९८. नवा दाब = १०१ × २९८ ÷ ३३८ = ८९ किलोपास्कल. फरक = १२ किलोपास्कल. हा फरक पाण्याच्या सुमारे १.२ मीटर उंचीच्या स्तंभाइतका आहे.

म्हणजे केवळ ऊन-पावसाच्या खेळाने घड्याळावर १ मीटर खोल बुडवल्यापेक्षाही जास्त दाब आला. आवरण थोडे आत दबते, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी असेल, पण मुद्दा तोच राहतो. पाणी आत ढकलले जात नाही, ते आत ओढले जाते. आणि ओढले जाते नेमके त्या क्षणी, जेव्हा बाहेरून सगळीकडे पाणी असते. उन्हात ठेवलेले घड्याळ रोज असा श्वास घेते आणि सोडते. त्यात गॅस्केटचे रबर उष्णतेने हळूहळू आपला ताण हरवते आणि दाबलेल्या आकारातच कायम राहते. म्हणून पहिल्या वर्षी कोरडे राहिलेले घड्याळ दुसऱ्या पावसाळ्यात भिजते.

रबरातही निवड आहे. नायट्राइल रबर स्वस्त असते, पण ऊन आणि ओझोन यांनी तडकते. सिलिकॉन रबर उष्णता आणि ऊन चांगले सोसते, पण त्यातून पाण्याची वाफ तुलनेने सहज झिरपते. पाण्याचा थेंब अडतो, वाफ अडत नाही. कोकण किंवा केरळसारख्या दमट भागात काही महिन्यांत आतली हवाही दमट होते. ३० अंशांना ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. गाडीचा एसी लावून काच २२ अंशांवर आली की आतून धुके जमणारच, मग पाण्याचा एक थेंबही आत गेलेला नसो. यावर सोपा उपाय असा: सेल बदलायचा तर कोरड्या दिवशी किंवा एसीच्या खोलीत बदलावा, गॅस्केटवरचा केस किंवा कण पुसून काढावा आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवावा.

८. टेप का सुटते?

अशा कामाला चांगली ती अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप. फोमला लवचिकता असते, म्हणून गाडीचे धक्के आणि प्लास्टिकचे आकुंचन-प्रसरण ती पोटात घेते. लटकणाऱ्या वजनासाठी सर्वसाधारण अंदाज असा की दर किलोला ५५ चौरस सेंटिमीटर टेप हवी. २० ग्रॅमच्या घड्याळाला १.१ चौरस सेंटिमीटर पुरते. ३ सेंटिमीटर × २ सेंटिमीटरची पट्टी त्याच्या पाच पट आहे. म्हणजे टेप कमी पडल्यामुळे घड्याळ पडत नाही. कारणे दुसरीकडे आहेत.

पहिले कारण म्हणजे पृष्ठऊर्जा. चिकट पदार्थ पृष्ठभागावर पसरला तरच धरतो. काचेची पृष्ठऊर्जा जास्त असते, एबीएस प्लास्टिकची मध्यम आणि पॉलिप्रॉपिलीनची कमी. अनेक डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलीन मिसळलेल्या प्लास्टिकचे असतात, वर खडबडीत पोत असतो आणि त्यावर चकाकीसाठी सिलिकॉन पॉलिश मारलेले असते. तुम्ही स्वतः तपासू शकता. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब पसरला तर टेप चांगली धरेल. अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन राहिला तर जागा बदला किंवा पृष्ठभाग साफ करा.

दुसरे कारण म्हणजे घाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन जागा पुसावी, वाळू द्यावी, मग घड्याळ अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. पकड लगेच पूर्ण होत नाही. साधारण एका दिवसात ती ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि पूर्ण व्हायला तीन दिवस लागतात. तोवर बटणे दाबू नयेत, पाणी लागू देऊ नये. वेळ आधीच लावून घ्यावी.

तिसरे कारण पुन्हा उष्णता. तापल्यावर चिकट थर मऊ होतो आणि वजनाने सावकाश घसरू लागतो. शिवाय टेप सरळ खाली ओढणारे बल सोसते, पण एका कडेने सोलणारे बल तिला सोसत नाही, कारण सगळा ताण एका रेषेवर येतो. कुठल्याही बाजूच्या बटणाला हात लावताना दुसऱ्या बाजूने घड्याळाला बोटाचा आधार द्यावा. काढायचे झाल्यास उचकटू नये. जाड दोरा मागून करवतीसारखा ओढला तर फोम कापला जातो.

९. कोठे लावावे, कोठे लावू नये

गाडीत विंडस्क्रीनच्या पायथ्याशी ऊन सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे लावू नये. मधल्या कन्सोलवर, सावलीत पण नजरेच्या टप्प्यात जागा शोधावी. एअरबॅगच्या झाकणावर कोणतीही वस्तू चिकटवू नये. एअरबॅग उघडते तेव्हा ती वस्तू गोळीसारखी अंगावर येऊ शकते. चालकाचा रस्ता झाकला जाईल अशा ठिकाणी काचेवरही लावू नये. दुचाकीवर लावलेले घड्याळ गाडी धुताना फवाऱ्यापासून झाकावे. स्वयंपाकघरात शेगडीच्या थेट वर नको, बाजूच्या भिंतीवर चालेल. बाथरूममध्ये शॉवर आणि गिझरपासून दूरची टाइल निवडावी. टाइलवर टेप उत्तम धरते, सांध्यावर नाही.

१०. बटण सेल आणि लहान मुले

हा भाग परीक्षेला येवो न येवो, वाचलाच पाहिजे. लहान मुलाने २० मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतीतून प्रवाह वाहू लागतो आणि ऋण ध्रुवापाशी तीव्र आम्लारी तयार होते. त्याने दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. घड्याळ चालत नाही इतपत उतरलेल्या सेलमध्येही याला पुरेसा विद्युतदाब शिल्लक असतो. असा संशय आला तर मुलाला उलटी करायला लावू नये, वाट पाहू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि सेल गिळल्याचे सांगावे. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे घड्याळच घरात आणावे, जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्यावा आणि मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर घड्याळ लावू नये.

सारांश

क्रिस्टलची चूक तापमान-फरकाच्या वर्गाने वाढते आणि दोन्ही बाजूंना घड्याळ मागेच पडते. उष्णता सेलचा ऱ्हास वाढवते, डिस्प्ले काळा करते, गॅस्केटचा ताण घालवते आणि टेप मऊ करते. पाण्याची श्रेणी थंड, नव्या घड्याळाची असते. तापून थंड होणारे घड्याळ पाणी आत ओढते. म्हणून असे घड्याळ निवडताना आयपी अंकाआधी कार्य-तापमानाची मर्यादा पाहा, आणि लावताना आधी सावली शोधा.

स्वाध्याय

१. एका क्रिस्टलची खोलीच्या तापमानाची चूक +१२ पीपीएम आहे. कोणत्या दोन तापमानांना ते घड्याळ अगदी बरोबर चालेल?
२. घड्याळ ५ तास ७० अंशांना आणि १९ तास २५ अंशांना राहते. ३० दिवसांत ते किती मागे पडेल?
३. उदाहरण ३ मध्ये आतील हवा अजिबात बाहेर गेली नसती, तर पावसानंतर आतला दाब किती राहिला असता? यावरून परिपूर्ण सीलबद्दल काय निष्कर्ष निघतो?
४. प्रयोग: एकच घड्याळ १० दिवस खोलीत आणि नंतर १० दिवस कोरड्या डबीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. दोन्ही टप्प्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी घड्याळ व फोन यांचे एकत्र चित्रीकरण करून सेकंदांतील फरक नोंदवा. खोली २५ अंशांच्या जवळ आणि फ्रिज ५ अंशांना असेल तर दोन टप्प्यांच्या चुकीत सुमारे १२ सेकंदांचा फरक आला पाहिजे. तुमचा आकडा वेगळा आला तर त्याची कारणे लिहा.